हवेची जकात



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी आपली उभी हयात पदार्थविज्ञान शिकविण्यात वेचली. आणि शिकविताना त्यांचा कटाक्ष असा असे की, जो नियम विद्यार्थ्याला पायाखालच्या रस्त्यावर ओळखता येत नाही, तो त्याला फळ्यावर उतरविता आला तरी समजलेला नसतो. हा कटाक्ष ध्यानी धरूनच मी आजच्या व्याख्यानाचा विषय रस्त्यावरून उचललेला आहे. मोटारगाडीला वेगासाठी आणि वाऱ्यासाठी किती शक्ती मोजावी लागते, आणि त्या शक्तीपायी टाकीतील इंधन कसकसे उतरते, ह्याचा हिशेब मी आपल्यापुढे मांडणार आहे.

आपल्याकडे गाडी घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की गाडी अ‍ॅव्हरेज किती देते? विक्रेताही एक आकडा सांगतो, घेणारा तो गाडीच्या रंगाइतकाच पक्का समजून घरी नेतो, आणि पुढे महामार्गावर तो आकडा पदरात पडला नाही म्हणजे गाडीला, पेट्रोलपंपाला किंवा ड्रायव्हरला दोष देत राहतो. माझे म्हणणे असे की, ह्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर गाडीत नसतेच. ते गाडी हवेतून कोणत्या वेगाने नेली जाते आणि ती हवा त्या दिवशी कोणत्या दिशेने वाहत असते, ह्यात असते. हे मत मी आकड्यांनिशी मांडीन, आणि आकडे ऐकण्याचा थोडा त्रास आपण सोसावा, अशी विनंती करीन. कारण ह्या विषयात विशेषणांनी काहीच निष्पन्न होत नाही.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेली गाडी घ्या. न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे तिला चालत राहण्यासाठी वस्तुतः काहीच लागू नये. जे लागते ते केवळ विरोध मोडून काढण्यासाठी लागते, आणि हे विरोध मुख्यतः दोन. पहिला टायरांचा. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, पुढच्या क्षणी सुटून पूर्ववत होतो, आणि ह्या दबण्या-सुटण्यात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते; लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला असता तो गरम लागतो, तो ह्याचाच दाखला. चारजणांचे कुटुंब बसलेली, एकूण १२०० किलो वजनाची मध्यम गाडी धरली तर हा विरोध सुमारे १४० न्यूटन भरतो, म्हणजे चौदा किलोंचे ओझे उचलून धरावयास जितका जोर लागेल साधारण तितका. आणि गाडी ताशी ४० किलोमीटरने चालवा की १०० ने, ह्या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

दुसरा विरोध हवेचा, आणि त्याची प्रकृती सर्वस्वी निराळी आहे. हवा डोळ्यांना दिसत नसली तरी ती वजनदार वस्तू आहे. एक घनमीटर हवा महाराष्ट्राच्या पठारावर साधारणपणे एक किलोहून थोडी अधिक भरते. गाडी पुढे सरकते तेव्हा समोरची हवा तिला बाजूला सारावी लागते. वेग दुप्पट केला तर एका सेकंदात दुप्पट हवा वाटेत येते, आणि त्यातील प्रत्येक कण दुप्पट जोराने ढकलावा लागतो. म्हणून विरोध दुप्पट न होता चौपट होतो. वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणाऱ्या ह्या विरोधाचा सिद्धान्त न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मांडला, आणि पुढे १७१० साली लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या घुमटातून, सुमारे २२० फूट उंचीवरून, काही पाऱ्याने भरलेले आणि काही नुसत्या हवेने भरलेले काचेचे गोळे खाली सोडून तो पडताळून पाहण्यात आला. ग्रहांच्या गतीची उपपत्ती लावणाऱ्या पुरुषाने आपल्या उतारवयात काचेचे गोळे जमिनीवर येऊन फुटावयास किती सेकंद लागतात ह्याची नोंद आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत घालावी, ह्याहून हवेच्या विरोधाचे महत्त्व सांगणारी दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही.

आता हिशेबाकडे वळू. आपल्या गाडीची समोरून दिसणारी रुंदी-उंची मिळून क्षेत्रफळ दोन चौरस मीटरांहून किंचित अधिक, आणि तिच्या घडणीचा रोधगुणांक, म्हणजे हवा तिच्यावरून किती सुरळीत वाहते हे सांगणारा आकडा, ०.३३ धरू. ताशी ६० किलोमीटरला हवेचा विरोध १११ न्यूटन होतो, म्हणजे टायरांच्या विरोधापेक्षा थोडा कमीच. ताशी ८० ला तो १९८ वर जातो, १०० ला ३०९ होतो, आणि १२० ला ४४४, म्हणजे टायरांच्या विरोधाच्या तिपटीहून अधिक. टायरांचे १४० ह्यात मिळविले की एकूण विरोध अनुक्रमे २५१, ३३८, ४४९ आणि ५८४ न्यूटन. हे चार आकडे आपण स्मरणात ठेवावेत, कारण पुढील सारे विवेचन त्यांच्यावर उभे आहे. हवा ही आपल्या वाटेवर बसलेला एक जकातनाका आहे म्हणा, जिथे वसुलीचा दर मालाच्या वजनावरून न ठरता वाहनाच्या घाईवरून ठरतो, आणि घाई थोडी वाढली तरी दर पुष्कळ चढतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण जाणत्या लोकांच्या बोलण्यातही त्याची गल्लत झालेली मी ऐकली आहे. इंजिनाला दर सेकंदाला किती कार्य करावे लागते, म्हणजे किती शक्ती पुरवावी लागते, हा एक प्रश्न. आणि एक किलोमीटर काटण्यास एकंदर किती ऊर्जा खर्ची पडते, हा दुसरा. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी ६० ला आपल्या गाडीला चाकांपाशी जेमतेम पावणेसहा अश्वशक्ती पुरते, ८० ला सुमारे १० लागतात, १०० ला १७, आणि १२० ला साडेसव्वीस. वेग दुप्पट, शक्ती साडेचारपटीहून अधिक! परंतु वेग वाढला म्हणजे तेवढेच अंतर कमी वेळात कापले जाते, म्हणून प्रतिकिलोमीटर खर्च घनाने न वाढता वर्गानेच वाढतो. इंजिन केवढे बसवावे हे ठरविणाऱ्या अभियंत्याला घनाचा हिशेब करावा लागतो. पेट्रोलपंपावर पैसे मोजणाऱ्याच्या वाट्याला वर्गाचा हिशेब येतो. वर्गाचाही हिशेब काही सौम्य नव्हे. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ दशलक्ष ज्यूल ऊर्जा असते आणि तिच्यापैकी चतुर्थांशच चाकांपर्यंत पोहोचते असे धरले, तर आपली गाडी ताशी ८० ला लिटरमागे सुमारे साडेतेवीस किलोमीटर जाईल, १०० ला पावणेअठरा, आणि १२० ला पावणेचौदाच. गाडी तीच, इंजिन तेच, माणसे तीच.

ह्या विरोधाशी माणसाने फार पूर्वीपासून झुंज घेतलेली आहे. ताशी १०० किलोमीटरची मर्यादा ज्या मोटारीने प्रथम ओलांडली ती ‘ला जामे कोंतांत’ नावाची गाडी कामीय जेनात्झी ह्या बेल्जियन गृहस्थाने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेर येथे ताशी १०५.८८ किलोमीटरने हाकली. आज विजेच्या गाड्यांची नवलाई वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की ती गाडी विजेवर चालणारी होती. तिची काया पाणतीरासारखी निमुळती केलेली होती, ह्यावरून हवेचे भान तिच्या कर्त्याला पुरेपूर होते हे उघड आहे. मात्र चालक स्वतः कमरेपासून वर त्या निमुळत्या कायेच्या बाहेर, वाऱ्याच्या तोंडी बसलेला होता, आणि चाके व सांगाडा खाली उघडेच होते.

ह्यापुढचे मर्म आकाशयानांच्या विद्येतून आले. झेपेलिन कंपनीत हवाई जहाजांच्या आकारावर काम केलेल्या पाउल यारे ह्यांनी १९२१ पासून मोटारींचे आकार नव्याने आखले. त्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात एडमुंड रुम्प्लर ह्यांची थेंबाच्या आकाराची गाडी लोकांनी पाहिली, आणि जवळजवळ सहा दशकांनी, १९७९ साली, तिचा एक नमुना वायुबोगद्यात ठेवून मोजला तेव्हा तिचा रोधगुणांक ०.२८ निघाला, हे ऐकून त्या काळचे कारखानदारही चकित झाले असल्यास नवल नाही. ह्या मंडळींच्या परिश्रमांतून जे सत्य हाती लागले ते सामान्य समजुतीच्या अगदी उलट आहे. गाडीचे नाक अणकुचीदार केले की झाले, असे आपणांस वाटते. वास्तविक बिघाड पाठीमागे होतो. समोरची हवा बाजूला सारली जाते, छतावरून घसरत मागे येते, पण गाडी जिथे एकदम तुटल्यासारखी संपते तिथे त्या हवेला वळून जागा भरून काढणे साधत नाही. ती भोवऱ्यांत विखुरते, गाडीच्या पाठीशी कमी दाबाची पोकळी राहते, आणि पुढचा अधिक दाब व मागचा कमी दाब मिळून गाडीला मागे रेटतात. पावसात चाललेल्या एस.टी.च्या मागच्या काचेकडे पाहावे: पुढची काच पाण्याने धुऊन निघत असता मागची चिखलाने माखते, ती ह्याच भोवऱ्यांनी चाकांखालचा चिखल वर उचलून आणल्यामुळे. स्टुटगार्टच्या वुनिबाल्ड काम ह्यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की मागची लांबलचक शेपटी व्यवहारात अडचणीची होत असली, तर निमुळतेपण काही अंतरापर्यंत राखून पुढे ती सरळ छाटली तरी बराचसा लाभ पदरात पडतो. आज रस्त्यावर धावणाऱ्या कितीतरी गाड्यांची पाठ ह्याच विचाराने घडलेली आहे.

आपल्याकडे मात्र ह्या विद्येची चाहूल उशिरा लागली. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी ह्या ज्या दोन गाड्यांनी आपल्या रस्त्यांवरील तीन-चार दशके व्यापली, त्या १९५० च्या दशकातल्या युरोपीय आराखड्यांवर बेतलेल्या होत्या, आणि रस्तेही असे की ताशी ६० च्या वर जाण्याचा योग क्वचित येई. तेव्हा हवेचे फारसे चालले नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीच्या टपावर लोखंडी कॅरियर असे, आणि शहराच्या चालीत त्याचे काही बिघडत नसे. तेच कॅरियर, त्यावर गणपतीला कोकणात निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा ताडपत्रीखाली बांधून, आजच्या महामार्गावर ताशी १०० ने नेणे ही मात्र फार महाग गोष्ट आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मार्गदर्शनात टपावरील मोठ्या पेटीने महामार्गावर ६ ते १७ टक्के अ‍ॅव्हरेज घटते असे नमूद आहे, आणि त्याहून वरच्या वेगाला ही घट १० ते २५ टक्क्यांवर जाते. बॅगा आत, पायांपाशी ठेवून होणारी अडचण बहुधा स्वस्त पडते.

हे सारे आकडे मोजतात कसे, असा प्रश्न आपल्यापैकी चिकित्सक श्रोत्यांच्या मनात आला असेल. वायुबोगदा हा एक मार्ग. पण दुसरा मार्ग इतका साधा आणि सुंदर आहे की, तो थोडा विस्ताराने सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही. गाडी चाचणीच्या सपाट, सरळ पथावर ताशी शंभराहून अधिक वेगाने न्यावयाची, गिअर न्यूट्रलमध्ये टाकावयाचा आणि काही न करता तिला आपोआप मंदावू द्यावयाचे. ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर नाही. केवळ घड्याळ आणि वेगदर्शक. आपल्या गाडीला १०० वरून ९० वर उतरावयास साधारण ८ सेकंद लागतील. परंतु ४० वरून ३० वर उतरावयास १९ सेकंदांच्या आसपास. दोन्ही वेळी घट दहाचीच, पण पहिल्या वेळी हवा गाडीला घट्ट धरून मागे ओढीत असते आणि दुसऱ्या वेळी उरलेले काम जवळजवळ एकटे टायर करतात. पथावर बसून हे अनुभवणाऱ्याला सूत्र सांगावे लागत नाही; वरच्या वेगाला काटा ज्या झपाट्याने खाली येतो तो पाहून हवेचा भार अंगावर आल्यासारखा वाटतो, आणि तीसच्या खाली आल्यावर गाडी थांबता थांबत नाही. ह्या चाचणीत एक दक्षता घेतात, ती म्हणजे गाडी दोन्ही दिशांनी नेऊन सरासरी घेतात आणि वारा सेकंदाला सरासरी तीन मीटरांच्या आत असतानाच मोजमाप करतात. वाऱ्याचा इतका धाक कशाकरिता? दोन्ही दिशांनी नेल्यावर वाऱ्याचा परिणाम फिटावयास हवा. तो फिटत नाही. आणि हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

ताशी ८० ने चाललेल्या आपल्या गाडीवर समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आला असे समजा. हवेच्या दृष्टीने गाडी ११० ने येत आहे. म्हणून विरोध ११० च्या वर्गाने लागतो, तो ३७३ न्यूटन भरतो, आणि एकूण विरोध ३३८ चा ५१३ होतो. शक्ती मोजताना मात्र ह्या ५१३ ला ११० ने न गुणता ८० नेच गुणावयाचे, कारण इंजिन गाडी जमिनीवरून ओढते आणि जमिनीवरचा वेग ८० च आहे; जे लोक येथे ११० चा घन करून मोकळे होतात ते खर्च वाजवीपेक्षा जास्त लावतात. खरा हिशेब असा की, दहाच्या जागी साडेपंधरा अश्वशक्ती लागेल. आता परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी आला. हवेच्या दृष्टीने वेग ५०. हवेचा विरोध ७७, एकूण २१७, आणि शक्ती साडेसहा. जाताना १७५ न्यूटन जादा मोजले, येताना १२१ वाचले. दोन्हींची सरासरी ३६५ येते, आणि वारा नसता तर ती ३३८ आली असती. म्हणजे वाऱ्याच्या दिवशी जाऊन-येऊन आठ टक्के इंधन अधिक जळाले, आणि चालकाला मात्र वाटत राहिले की सकाळचे नुकसान संध्याकाळी भरून निघाले. ह्याचे कारण शाळेतल्या बीजगणितात आहे: वेग आणि वारा ह्यांच्या बेरजेचा वर्ग व वजाबाकीचा वर्ग एकत्र केले तर मधले पद छेदले जाते, पण वाऱ्याचा स्वतःचा वर्ग दोन वेळा शिल्लक राहतो. ती शिल्लक कोणत्याही दिशेने वजा होत नाही.

आडव्या वाऱ्याचीही हीच कथा. पुष्कळांचा समज असा की, बाजूने येणारा वारा गाडीला हलवील, पण मागे ओढणार नाही. वस्तुस्थिती अशी की, आडवा वारा आणि गाडीचा वेग ह्यांच्या संयोगाने हवा तिरपी आणि अधिक वेगाने येऊन भिडते, आणि त्या आघाताचा रस्त्याच्या दिशेचा अंश काढला तरी तो निवांत हवेपेक्षा मोठाच भरतो; वरील उदाहरणात किमान सात टक्के. शिवाय गाडीची घडण सरळ समोरून येणाऱ्या हवेसाठी केलेली असते. तिरप्या हवेत तिचा रोधगुणांकच चढतो. म्हणून वाऱ्याच्या सगळ्या दिशा एकत्र मांडल्या, तर त्याने दिलेल्या लाभाच्या दिशा थोड्या आणि हानीच्या पुष्कळ निघतात.

घाटाशी ह्याची तुलना केली म्हणजे हा मामला अधिक स्पष्ट होतो. शंभरास पाच अशा चढावर आपल्या गाडीला केवळ उंची गाठण्यासाठी सुमारे ५९० न्यूटन लागतात, म्हणजे सपाटीवर १२० ने जाताना जितका एकूण विरोध होतो तितकाच. पण चढावर खर्ची घातलेली ऊर्जा उंचीच्या रूपाने जमा राहते, आणि उतारावर, ब्रेक दाबण्याची वेळ न आल्यास, तिच्यातील बरीच परत मिळते. हवेला दिलेली ऊर्जा मात्र गाडीच्या मागे भोवऱ्यांत फिरून, थोड्याशा उष्णतेत विरून जाते. ती कोणाच्याच खात्यावर जमा होत नाही.

आमच्या महाराष्ट्राला हे विवेचन का लागू आहे, हे सांगण्यासाठी मी समृद्धी महामार्ग घेतो. नागपुरापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. इतक्या लांबवर अखंड वेगाने जाण्याची सोय ह्यापूर्वी आपल्या लोकांना कधी मिळालेली नव्हती; म्हणून हवेची खरी ओळखही आपल्याला आता कोठे होत आहे. आपल्याच आकड्यांनी पाहिले तर हे ७०१ किलोमीटर एकसारखे ८० ने काटावयास पावणेनऊ तास आणि सुमारे ३० लिटर पेट्रोल लागेल. १०० ने सात तास आणि ३९ लिटर. १२० ने सहाला दहा मिनिटे कमी आणि ५१ लिटर. ऐंशीवरून शंभरावर गेल्याने वाचलेल्या प्रत्येक तासास साडेपाच लिटर पडले. शंभरावरून एकशेवीसवर गेल्याने वाचलेल्या प्रत्येक तासास दहा लिटरांहून अधिक. ज्याचा आजारी मनुष्य नागपूरच्या रुग्णालयात आहे त्याने ही किंमत खुशाल मोजावी, आणि ती मोजताना क्षणभरही विचार करू नये. पण ज्याला पोहोचल्यावर काहीच घाईचे काम नाही त्याला ती ठाऊक तरी असावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आणि ह्यात वाऱ्याचा समावेश अद्याप केलेलाच नाही. ज्येष्ठ-आषाढात पठारावर पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा वारा दिवसदिवस वाहतो. साताऱ्यातील वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथे, धुळ्याकडे ब्राह्मणवेल येथे, पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या ह्याच वाऱ्याच्या भरवशावर. पवनचक्कीच्या उंचीवर तो जेवढा असतो तेवढा जमिनीलगत नसतो, हे खरे. तथापि मोटारीच्या उंचीवर ताशी २० किलोमीटरचा वारा काही असामान्य नव्हे. नागपूरहून पश्चिमेकडे शंभरने निघालेल्या गाडीसमोर असा वारा आला, तर हवेच्या दृष्टीने तिचा वेग १२० झाला. आणि प्रतिकिलोमीटर तिचे इंधन निवांत हवेत १२० ने जाताना जळेल तितकेच जळेल, मात्र ती वेळेवर सातच तासांनी पोहोचेल. एकशेवीसचा दाम आणि शंभरची चाल! अशा दिवशी वेग दहा-पंधरांनी कमी करणे हाच शहाणपणाचा मार्ग. येथे विमानाचा दाखला उलटा आहे. समोरून वारा असता वैमानिक इंधनाची बचत करावयास वेग किंचित वाढवितो, कारण त्याचे विमान हवेतच तरंगत असते आणि तितका वेळ वारा त्याला मागे नेत असतो. मोटार जमिनीला धरून असल्याने तिला वारा मागे नेऊ शकत नाही, केवळ अडवितो, आणि म्हणून तिने सावकाश जावे. हवेच्या तपमानाचाही अंश ह्यात आहे: पौषाच्या पहाटे दहा अंशांची हवा वैशाखाच्या दुपारच्या चाळीस अंशांच्या हवेपेक्षा दहा टक्क्यांनी दाट असते, आणि तितकाच तिचा विरोध अधिक.

कोणी विचारील, की मग वेग जितका कमी तितके इंधन कमी, असे का म्हणू नये? तसे नाही. इंजिनाला स्वतः फिरत राहण्यासाठीच काही इंधन लागते, गाडी उभी असली तरी ते जळते, आणि अल्प भारावर पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमताही उतरते. म्हणून फार सावकाश गेल्यास हा स्थायी खर्च थोड्या अंतरावर वाटला जाऊन प्रतिकिलोमीटर महाग पडतो. ह्या दोन ओढींच्या मध्ये, साधारणपणे ५० ते ८० च्या दरम्यान, वरच्या गिअरमध्ये, बहुतेक गाड्यांचा सर्वांत काटकसरीचा वेग येतो. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनने वर्षानुवर्षे ४५ ते ५५ चा सल्ला दिला, तो त्या काळच्या गाड्यांसाठी योग्यच होता. त्याआधी १९७३ च्या तेलसंकटात पश्चिम जर्मनीने आपल्या अमर्याद महामार्गांवर काही महिने ताशी १०० ची मर्यादा घातली, आणि २ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेत अध्यक्ष निक्सन ह्यांच्या सहीने सर्व देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, मर्यादा कायद्याने आली. ती १९९५ साली पूर्णपणे उठली. तेलासाठी परक्यांवर अवलंबून असणाऱ्या राष्ट्रांना संकटसमयी वेगाच्या वर्गाची आठवण होते, आणि संकट ओसरले की तिचा विसर पडतो.

विजेच्या गाड्यांनी ही आठवण आता कायमची करून ठेवली आहे. विजेची मोटर अल्प भारावरही कार्यक्षम राहते, तिचा स्थायी खर्च थोडा असतो. त्यामुळे हवेचा विरोध तिच्या हिशेबात उघडा पडतो. आपल्याच गाडीत ३० किलोवॅट-तासांची बॅटरी आणि ८५ टक्के कार्यक्षमतेची मोटर बसविली असे समजा, तर ताशी ८० ने ती सुमारे २७० किलोमीटर जाईल आणि १२० ने १५७ च्या आसपास थांबेल. ज्यांना चार्जिंगचे ठिकाण येण्याआधीच बॅटरी संपल्याचा अनुभव आला त्यांच्यापैकी अनेकांना बॅटरीवर रोष आला असेल. बहुतेकदा दोष त्या बॅटरीचा नसून ताशी चाळीस किलोमीटरांच्या त्या वरकड घाईचा असतो.

आता माझी एक सूचना आहे, आणि ती मांडून मी आपली रजा घेईन. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत गाड्यांचे अधिकृत अ‍ॅव्हरेज मोजले जाते ते गाडी फिरत्या रुळांवर एका जागी ठेवून, ठरावीक वीसेक मिनिटांच्या चक्राने. ह्या भारतीय चक्रात कमाल वेग ९० आहे, सरासरी तर त्याहून पुष्कळ कमी. ज्या काळी हे चक्र ठरले त्या काळच्या रस्त्यांना ते शोभणारे होते. परंतु ज्या राज्याने १२० ची मुभा देणारा ७०१ किलोमीटरांचा रस्ता बांधला, त्या राज्यातील ग्राहकाच्या हाती ९० च्या वर काय होते हे सांगणारा कोणताही अधिकृत कागद नसावा, ही त्रुटी दूर झाली पाहिजे. प्रत्येक गाडीच्या दाखल्यावर तीन आकडे छापावेत: ताशी ८० ला किती, १०० ला किती, १२० ला किती. त्यासाठी नवी यंत्रसामग्री लागणार नाही. गाडीला न्यूट्रलमध्ये सोडून तिचा विरोध मोजण्याची चाचणी आजही केली जाते, आणि त्या चाचणीत हे तिन्ही आकडे काढण्याइतका तपशील असतोच. आणि महामार्गाच्या टोलनाक्यांवर पुढील टप्प्याच्या अंतराबरोबर त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा व वेगही फलकावर लिहावा. गाडीचे आकडे आणि वाऱ्याची ही माहिती दोन्ही हाती असली तर आषाढात नागपूरहून निघणारा चालक, पहिल्याच नाक्यावर, आपला वेग स्वतःच्या मर्जीने आणि संपूर्ण माहितीनिशी ठरवू शकेल.